दार एका लहरीत दोनदा उघडतं

मायक्रोवेव्ह रिसीव्हर बनवतोय म्हटलं की हमखास पहिला प्रश्न, रेडिएशनचं काय? अहो, रिसीव्हर ऐकतो, शिजवत नाही. आतला ऑसिलेटर, म्हणजे ठरावीक फ्रिक्वेन्सीची लहर तयार करणारं सर्किट, जेमतेम काही मिलिवॅटचा असतो. मोबाईलच्या पाठीला लावायचे ते 'रेडिएशन शोषणारे' स्टिकर विकणाऱ्यांनी ही भीती बरीच पोसलीय, पण ते असो.

हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या लोकांच्या १० गिगाहर्ट्झ बँडवर बरीच गाठभेट १०३६८ मेगाहर्ट्झच्या आसपास होते. नेहमीचा रिसीव्हर हा सिग्नल दोन-तीन टप्प्यांत खाली उतरवतो, डायरेक्ट कन्व्हर्जनमध्ये मात्र एकच उडी, सिग्नल आणि जवळपास तेवढ्याच फ्रिक्वेन्सीचा आपला ऑसिलेटर मिक्सरमध्ये, म्हणजे दोन फ्रिक्वेन्सींमधला फरक काढणाऱ्या सर्किटमध्ये, घालायचा, दोघांत ७०० हर्ट्झचा फरक असला की ७०० हर्ट्झची शिट्टी ऐकू येते. बाकी सगळा भार ऑडिओ अँप्लिफायरवर.

एवढं सोपं आहे तर सगळे असंच का करत नाहीत? माझ्या पहिल्या सेटनेच उत्तर दिलं. हॉर्न (कर्ण्याच्या आकाराच्या) अँटेनासमोर हात हलवला की स्पीकरमध्ये घुर्रर्र! झालं असं की ऑसिलेटरची थोडी पॉवर उलटी अँटेनातून बाहेर गळत होती, हातावर आपटून परत येत होती आणि स्वतःशीच मिक्स होत होती. म्हणजे हलत्या वस्तूवरून परतताना लहरीची फ्रिक्वेन्सी किती बदलली ते मोजणारं डॉपलर रडारच मी नकळत बनवलं होतं. लहर २.९ सेंटिमीटरची, हात सेकंदाला १ मीटर सरकला तर ६९ हर्ट्झ. पंखा लावला तर विचारूच नका.

यावरचा तोडगा मला जाम आवडतो. दोन शॉट्की डायोड (करंट एकाच दिशेने सोडणारे, झटपट उघड-बंद होणारे) समांतर पण उलट तोंडांनी जोडायचे आणि ऑसिलेटर निम्म्यावर, ५१८४ मेगाहर्ट्झवर चालवायचा. लहरीच्या धन अर्ध्यात एक डायोड चालू, ऋण अर्ध्यात दुसरा. कुठला उघडला याच्याशी सिग्नलला काही देणंघेणं नाही, त्याला दार उघडलं एवढंच कळतं, आणि दार एका लहरीत दोनदा उघडतं, म्हणजे सेकंदाला १०३६८ दशलक्ष वेळा! गळतं ते फक्त ५१८४, आणि ते परत आलं तरी डायोड सारखे असतील तर दोघांचा परिणाम एकमेकांना मारतो. वर आणखी गंमत, आतून २२.८६ मिलिमीटर रुंदीच्या वेव्हगाइडमधून, म्हणजे लहरी वाहून नेणाऱ्या धातूच्या पोकळ नळीतून, ६.५६ गिगाहर्ट्झच्या खालचं काही पुढे जातच नाही, त्यामुळे थोडी लांबी मिळाली की ५१८४ आतच विरतं. नळीच फिल्टर झाली, फुकटात.

नको असलेला साइडबँड, म्हणजे ऑसिलेटरच्या दुसऱ्या बाजूचा, तशीच शिट्टी देणारा सिग्नल, घालवायला असे दोन मिक्सर लागतात, त्यांच्यात फेजचा, म्हणजे लहरी एकमेकींच्या किती पुढे-मागे आहेत याचा, ९० अंशांचा फरक हवा, पण ऑसिलेटर निम्म्यावर असल्याने त्याला ४५ अंशच द्यायचे, हे डोक्यात शिरायला मला दोन रात्री लागल्या. फेजमध्ये १ अंशाची चूक झाली तरी साइडबँड जेमतेम ४१ डेसिबल दबतो.

आणि क्रिस्टल, ज्याच्या कंपनावरून ऑसिलेटरची फ्रिक्वेन्सी ठरते. १०८ मेगाहर्ट्झ गुणिले ४८ म्हणजे ५१८४, मिक्सर त्याचे आणखी दुप्पट करतो, म्हणून क्रिस्टल १ हर्ट्झ हलला की आपण ९६ हर्ट्झ हललो. परवा क्रिस्टलच्या डबीचं झाकण उघडं होतं, मी सहज फुंकर मारली, क्रिस्टलचं तापमान बदललं आणि ऐकत असलेली शिट्टी वर चढत चढत गायब.