ध्वनिमुद्रण सॉफ्टवेअर, अंकीय

ध्वनी अंकांच्या रूपात संगणकावर साठवणे, तो कापणे-जोडणे, अनेक ट्रॅक एकत्र मिसळणे व अंतिम प्रत काढणे ही कामे एकाच पडद्यावरून करणारी आज्ञावली. ‘डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला डीएडब्ल्यू असे नाव आहे. एका गाण्याच्या सर्व ट्रॅकची मांडणी ज्या फाइलमध्ये असते तिला स्टुडिओत ‘सेशन’ म्हणतात.

पहिली प्रणाली कोणती याबद्दल एकमत नाही, आणि वाद मुख्यतः व्याख्येचा आहे. टॉमस स्टॉकहॅम यांनी १९७५ मध्ये अमेरिकेत सॉल्ट लेक सिटी येथे साउंडस्ट्रीम ही कंपनी काढली. १९७६ मध्ये सांता फे ऑपेराचे मुद्रण तिने अंकीय पद्धतीने केले आणि पुढच्या एक-दोन वर्षांत पीडीपी-११ संगणकावर संपादनाची सोय उभी केली. आज्ञा टंकून द्यायच्या, तरंग पडद्यावर पाहायचा आणि दोन तुकड्यांमधला सांधा संगणकाने गणित करून भरायचा, अशी तिची रीत होती. मुद्रण मात्र फितीवरच होई आणि यंत्रणा कंपनीच्याच ताब्यात राही. दुसरा दावा सिडनीच्या फेअरलाइट सीएमआयचा (१९७९). परंतु ते मूलतः साठवलेले ध्वनीचे तुकडे वाजवणारे वाद्य होते. त्याच्या स्मृतीत काही सेकंदांचाच आवाज मावे, त्यामुळे मुद्रणप्रणाली म्हणून त्याचा दावा टिकत नाही. तिसरा पक्ष पीटर गॉचर व एव्हान ब्रुक्स यांच्या डिजिडिझाइनचा. तिचे मॅकिंटॉशवरील ‘साउंड टूल्स’ (१९८९) दोनच ट्रॅकचे होते, चार ट्रॅकचे ‘प्रो टूल्स’ १९९१ मध्ये आले. त्याआधी १९९० मध्ये ऑपकोड कंपनीच्या ‘स्टुडिओ व्हिजन’ने मिडीचे स्वर (कोणता स्वर कधी वाजवायचा याच्या अंकीय सूचना) आणि प्रत्यक्ष ध्वनी एकाच कालरेषेवर आणले होते. संपादनाचे तत्त्व पाहिले तर साउंडस्ट्रीमला आणि आजचा पडदा पाहिला तर स्टुडिओ व्हिजनला अग्रमान देणे अधिक सयुक्तिक ठरते. प्रो टूल्सचे नाव सर्वतोमुखी झाले ते बाजारातील यशामुळे.

ध्वनी अंकांत उतरवताना त्याच्या तरंगाची ठरावीक अंतराने मापे घेतात, त्यांना नमुने म्हणतात. सेकंदाला ४४,१०० नमुने हा विचित्र आकडा कानाच्या मर्यादेवरून सर्वस्वी ठरलेला नाही. २० किलोहर्ट्झपर्यंतचा ध्वनी पकडायला ४०,००० हून थोडे अधिक नमुने पुरतात. नेमका आकडा व्हिडिओ फितीने ठरवला. १९७० च्या दशकात एवढी माहिती साठवेल अशी स्वस्त डिस्क नव्हती, म्हणून अंक व्हिडिओच्या रेषांमध्ये भरत. अमेरिकी-जपानी पद्धतीत रेषेला ३ नमुने, २४५ रेषा आणि सेकंदाला ६० क्षेत्रे (व्हिडिओच्या चित्राचे अर्धे भाग). युरोपीय पद्धतीत ३ नमुने, २९४ रेषा आणि ५० क्षेत्रे. दोन्ही गुणाकार ४४,१०० येतात. सीडीने हाच दर उचलला, तर चित्रपट व दूरचित्रवाणीत ४८,००० रूढ झाला. चित्रपटाची गाणी आणि अल्बम एकाच इमारतीत होतात अशा मुंबईत ही दुफळी रोज भोवते. ४४.१ ची फाइल दर न बदलता ४८ च्या सेशनमध्ये टाकली, तर गती जवळजवळ ९ टक्क्यांनी वाढते आणि सूर सुमारे दीड अर्धस्वर चढतो. काळी दोनमधले गाणे पांढरी तीन आणि पांढरी चार यांच्या मधोमध लटकते. ते कोणत्याच पट्टीत बसत नाही, हीच चूक ओळखण्याची खूण.

फितीवर काप म्हणजे पातीने खरोखरचा काप. सॉफ्टवेअरमध्ये मूळ फाइलला धक्का लागत नाही. ‘या नमुन्यापासून त्या नमुन्यापर्यंत वाजव’ एवढीच सूचना साठते. त्यामुळे दहा टेकमधून एकेक ओळ निवडून सलग गायन तयार करता येते. सांध्यावर ‘टक्’ असा आवाज येऊ नये म्हणून दोन तुकडे ५ ते १० मिलिसेकंद एकमेकांवर चढवतात. ख्यालगायनात हे पुरत नाही. तानपुरा त्याच खोलीत वाजत असेल तर तो गायकाच्या माइकमध्ये उतरलेला असतो. गळ्याचा सांधा बेमालूम जमला तरी मागे तारांचा क्रम उडी मारतो आणि जाणकाराला तिथेच काप ऐकू येतो. म्हणून तानपुरा वेगळा मुद्रित करतात, नाहीतर तारांचे आवर्तन जुळेल अशाच जागी कापतात.

आरंभीच्या प्रणालींना ध्वनिगणितासाठी स्वतंत्र कार्ड लागे. १९९६ मध्ये स्टाइनबर्गने क्यूबेसबरोबर व्हीएसटी ही प्लगइनची (मुख्य सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या आज्ञावलींची) पद्धत आणली, १९९७ मध्ये एएसआयओ हा संगणक व ध्वनियंत्रणा यांना जोडणारा चालक (ड्रायव्हर), आणि संगणकाच्या मुख्य प्रक्रियकावरच सारे काम होऊ लागले. स्टुडिओ घरात आला तो यामुळे. लॉजिक बनवणारी एमॅजिक कंपनी अॅपलने २००२ मध्ये घेतली व विंडोजवरील आवृत्ती बंद केली. एबलटन लाइव्ह (२००१) हे मंचावर वाजवण्याच्या दृष्टीने रचलेले आहे. प्रो टूल्स स्वतःच्या यंत्रसामग्रीपासून सुटले ते २०१० मध्ये, नवव्या आवृत्तीत.

या सोयीची किंमत म्हणजे विलंब. संगणक नमुने गठ्ठ्याने हाताळतो. ४८,००० दराला १२८ नमुन्यांचा गठ्ठा म्हणजे २.७ मिलिसेकंद, १,०२४ चा म्हणजे २१; आत येताना एकदा आणि बाहेर जाताना पुन्हा. मोठ्या गठ्ठ्यावर गायकाला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज ४० मिलिसेकंदांहून उशिरा पोचतो, तो नकळत मागे रेंगाळतो आणि दोष मात्र लयीच्या माथी मारला जातो. गठ्ठा फार लहान केला तर प्रक्रियकाला हिशेब वेळेत पुरा करता येत नाही व चरचर उमटते. मुद्रणाला १२८ किंवा कमी, मिक्सिंगला १,०२४ ही सर्वसाधारण वहिवाट.

मुंबईत ताडदेवचे फिल्म सेंटर, महालक्ष्मीचे फेमस, वांद्र्याचे मेहबूब, फोर्टमधील वेस्टर्न आउटडोअर ही मोठी केंद्रे होती. फितीवर एक-दोनच ट्रॅक असत त्या काळात वाद्यवृंद, कोरस व गायक एकत्र उभे राहून अख्खे गाणे एका दमात देत. व्हायोलिनच्या रांगेत एक चुकला की सगळे पुन्हा. बहुट्रॅक फितीने ही सक्ती सैल केली होती. १९९२ मध्ये बाजारात आलेल्या, एस-व्हीएचएस कॅसेटवर आठ ट्रॅक घेणाऱ्या एडॅटने ती आणखी सैल केली. संगणकाने ती काढूनच टाकली. साधारणतः १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अरेंजरच्या जोडीला प्रोग्रामर आला, युगुलगीतातले दोघे वेगवेगळ्या दिवशी गाऊ लागले, पहिला मुखडा पुढच्या जागी तसाच चिकटवला जाऊ लागला. तंतुवाद्यांचा ताफा कीबोर्डवरच्या आधीच मुद्रित केलेल्या तुकड्यांत गेला आणि वादकांच्या शिफ्ट घटल्या. तंत्राच्या इतिहासात ही बाजू सहसा एका ओळीत उरकली जाते. लॅमिंग्टन रोडवर जुळवून घेतलेला संगणक आणि अंधेरी-ओशिवऱ्याच्या सदनिकेतली एक खोली एवढ्यावर छोटे स्टुडिओ उभे राहिले. मराठी भावगीते व मालिकांची शीर्षकगीते बहुतांशी अशाच खोल्यांत होतात. तिथला नेहमीचा त्रास म्हणजे सदोष अर्थिंगमुळे येणारी ५० हर्ट्झ व तिच्या पटीतली घरघर. ती फिल्टरने काढायला गेल्यास डग्ग्याचा घुमाराही जातो. माइक, इंटरफेस व संगणक एकाच सॉकेट-रांगेवर घेणे हा पहिला उपाय.

सॉफ्टवेअरची कालजाळी, म्हणजे कालरेषेवर आखलेल्या मात्रांच्या खुणा, पाश्चात्त्य मात्रागणितावर बेतलेली आहे. रूपकासाठी ७ मात्रांचे माप लावले की क्लिक (ठेका धरण्यासाठीचा ठोका) पहिल्या मात्रेवर जोर देते, पण रूपकाची सम ‘खाली’च्या, म्हणजे टाळी नसलेल्या, मात्रेवर असते, तबलजी चक्रावतो. जोर बंद करून समेवर खूण घालणे बरे. विलंबित एकतालात एक मात्रा चार सेकंदांची असू शकते, तेव्हा मात्रेला चार ठोके धरून गती ६० ठेवतात. मुक्त आलापीला जाळीच नको.

सूरदुरुस्तीचे ऑटो-ट्यून १९९७ चे. त्याचे जनक अँडी हिल्डेब्रँड आधी तेलशोधासाठी भूकंपी लहरींचे विश्लेषण करीत. ते सूर समविभाजित सप्तकाकडे, म्हणजे बारा समान अर्धस्वरांच्या सप्तकाकडे, खेचते. स्वयंभू शुद्ध गंधार षड्जापासून ३८६ सेंटवर (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग), तर समविभाजित ४०० वर. म्हणजे तानपुऱ्याशी जुळलेला गंधार ते ‘सुधारून’ बेसूर करते. दुरुस्तीचा वेग शून्यावर, म्हणजे सूर तत्क्षणी खेचला जाईल असा, ठेवला तर मींड पायऱ्यांसारखी तुटते आणि दरबारीतला आंदोलित गंधार सरळ काठीसारखा उभा राहतो. शिवाय गायकाची पट्टी ४४० हर्ट्झच्या मापात नेमकी बसत नसेल तर आधी संदर्भसूर बदलावा लागतो, ही पायरी हमखास विसरली जाते.

सेशन एका स्टुडिओतून दुसऱ्याकडे देताना प्लगइन नसणे व फाइल न सापडणे हे दोन दोष नेहमीचे. खात्रीचा मार्ग म्हणजे प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून सलग वेव्ह फाइल म्हणून काढणे आणि दर, बिट व गती नावातच लिहिणे. चित्रपटासाठी फ्रेमगतीही हवी. २४ फ्रेमचे चित्र २५ ने चालवले तर मिनिटामागे २.४ सेकंदांची तफावत पडते. साध्या वेव्ह फाइलची मर्यादा ४ गिगाबाइट असल्याने ९६,००० दराने, २४ बिटवर घेतलेली स्टिरिओ मैफल दोन तास चार मिनिटांच्या आसपास अडते, काही जुन्या प्रणालींत तासाभरातच. लांब मैफलीला दर तासाला नवी फाइल सुरू होईल अशी सोय मुद्रणाआधीच करून ठेवतात.