ब्रू-इन-अ-बॅग

माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, भरड्यापासून घरच्या घरी बिअर करण्याची एकपात्री पद्धती. आद्याक्षरांवरून तिला बीआयएबी असेही म्हणतात. मोठ्या पातेल्यात झिरझिरीत कापडाची पिशवी पसरून तीत भरडा गरम पाण्यात भिजवतात. या भिजवणीला मॅश म्हणतात. धान्यातील पिष्टाची साखर झाली की पिशवी उचलून निथळतात आणि खाली राहिलेला गोड काढा, म्हणजेच वॉर्ट, त्याच पातेल्यात हॉप (बिअरला कडवटपणा व सुवास देणारी फुले) घालून उकळतात. माल्टचा तयार पाक किंवा भुकटी वापरण्याच्या पद्धतीहून ही वेगळी आहे, कारण येथे साखर धान्यातूनच काढली जाते. पाणी तापवणे, मॅश आणि उकळणे यांसाठी वेगवेगळी पात्रे वापरणाऱ्या रूढ त्रिपात्री पद्धतीहूनही ती वेगळी आहे, कारण निथळलेल्या भरड्यावर पुन्हा गरम पाणी शिंपून उरलीसुरली साखर धुऊन घेण्याची पायरी, स्पार्ज, तीत मुळातच नाही. निव्वळ धान्यापासून बिअर करू पाहणाऱ्या नवख्याला आरंभासाठी याहून सोयीची पद्धती सध्या दुसरी नाही.

उगम : पद्धतीचे आजचे रूप आणि नाव ऑस्ट्रेलियातील हौशी मंडळींमध्ये २००५-०६ च्या सुमारास रुळले, याबद्दल फारसा वाद नाही. वाद आहे तो त्यात नवे काय होते, याबद्दल.

एका मतानुसार नवे फक्त नाव होते. घरी बिअर करण्यासाठी लागणारा परवाना ब्रिटनमध्ये १९६३ साली रद्द झाला. त्यानंतर तेथे हा छंद फोफावला आणि विजेच्या बॉयलरमध्ये कापडी धान्यपिशवी बसवून मॅश करण्याची रीत १९७० च्या दशकात तेथे आढळते. अमेरिकेत १९७८ च्या संघीय कायद्याने घरगुती बिअरला करमाफी मिळाली; तेथेही माल्ट-पाकाला जोड म्हणून थोडे धान्य पिशवीत भिजवणे नवखे लोक सर्रास करीत. आणखी मागे गेल्यास बेल्जियममधील जुन्या कारखान्यांत वेताच्या उंच टोपल्या मॅशमध्ये दाबून त्यांच्या आत झिरपलेला रस उपसून घेत. धान्य आणि रस वेगळे करण्यासाठी सच्छिद्र पात्र वापरण्याची कल्पना त्यामुळे जुनीच म्हणावी लागते.

दुसऱ्या मतानुसार पिशवी हे केवळ साधन होय. खरा बदल पाण्याच्या प्रमाणात आहे. ब्रिटिश धान्यपिशवीत भरडा दाटच भिजवीत, किलोमागे सुमारे २.५ ते ३ लिटर पाण्यात, आणि निथळल्यावर वरून पाणी सोडीत. म्हणजे पिशवीने केवळ चाळणीची जागा घेतली होती. रीत त्रिपात्रीच राहिली होती. ऑस्ट्रेलियन पद्धतीत मात्र बिअरसाठी लागणारे सगळे पाणी सुरुवातीलाच पातेल्यात घेतात, त्यामुळे प्रमाण किलोमागे ६ लिटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक जाते. स्पार्जचे पाणी वेगळे तापवायचे नसल्याने दुसरे पात्र लागत नाही, आणि मॅश व उकळणे एकाच पातेल्यात होत असल्याने तिसरेही लागत नाही. प्रस्तुत नोंदीत हेच मत अधिक ग्राह्य धरले आहे.

तथापि, स्पार्ज वगळणे हाच शोध, असे म्हणणेही धाडसाचे ठरेल. स्पार्जची रीत प्रथम स्कॉटलंडमध्ये, बहुधा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, रुळली आणि एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये पसरली, असे सामान्यतः मानले जाते. त्यापूर्वी इंग्रज कारखान्यांत एकाच धान्यावर दोन-तीन वेळा नवे पाणी घालून प्रत्येक वेळी ते पूर्ण काढून घेत. पहिल्या काढ्याची कडक बिअर होई, शेवटच्याची पातळ. शिंपणे ही पुढची सुधारणा होय. ऑस्ट्रेलियन पद्धतीचे वेगळेपण त्यामुळे अधिक नेमके सांगावे लागते: हव्या त्या तीव्रतेच्या बिअरसाठी एकच, पूर्ण पाण्यातला मॅश आणि त्याला साजेसा हिशेब. ऊन वॉर्ट थंड न करता जाड प्लॅस्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरून आपोआप निवू देण्याची रीतही तेथेच आणि साधारण त्याच काळात पुढे आली. तिचे कारण म्हणून पाण्याची टंचाई सांगितली जाते. साधनसामग्री कमीत कमी ठेवण्याची तीच वृत्ती पिशवीतही दिसते.

विरळ मॅशचे रसायन : पद्धती प्रथम पुढे आली तेव्हा जाणकारांचा मुख्य आक्षेप विरळपणावर होता. पिष्टाची साखर करणारी दोन प्रमुख एंझाइमे माल्टमध्येच असतात. बीटा-अमायलेज पिष्टाच्या साखळीच्या टोकापासून माल्टोज तोडत जाते आणि साधारण ६० ते ६५° से. तापमानात उत्तम चालते. आल्फा-अमायलेज साखळी मध्येच कोठेही तोडते आणि ७०° से.च्या आसपास अधिक कार्यक्षम असते. दाट मॅशमध्ये ही एंझाइमे उष्णतेला जास्त काळ तग धरतात, विरळ मॅशमध्ये त्या मानाने लवकर निकामी होतात. यावरून पूर्ण पाण्यात रूपांतर अपुरे राहील, अशी भीती होती. अनुभवाने ती बव्हंशी फोल ठरवली. आजच्या फिकट माल्टमध्ये एंझाइमांचा साठा गरजेहून कितीतरी अधिक असतो, आणि विरळ मॅशमध्ये तयार झालेली साखर एंझाइमांच्या कामात अडथळाही कमी आणते. रूपांतर अपुरे राहिलेच, तर दोष बहुधा भरडण्याचा निघतो.

खरी अडचण आम्लतेची आहे, आणि ती पुष्कळदा दुर्लक्षिली जाते. मॅशचा पीएच ५.२ ते ५.६ असावा. माल्ट स्वतः पाण्याला थोडी आम्लता देते. पण त्याच माल्टला दुप्पट पाणी दिले, तर त्या पाण्यातील बायकार्बोनेटही दुप्पट होतात आणि पीएच वर सरकतो. जड पाण्यावर फिकट बिअर करताना हा फरक चवीत कळतो. अशा वेळी थोडे लॅक्टिक आम्ल, किंवा कॅल्शियम क्लोराइड अथवा जिप्सम, मॅशमध्ये घालतात. गडद भाजलेले माल्ट अधिक आम्लधर्मी असल्यामुळे काळ्या बिअरला हा उपाय सहसा लागत नाही.

भरड : त्रिपात्री पद्धतीत धान्याचे टरफल शक्यतो अखंड ठेवावे लागते, कारण टरफलांचा थर हीच तेथील गाळणी असते, भरड बारीक झाली की थर चिकटतो आणि रस उतरणे थांबते. पिशवीच्या पद्धतीत गाळण्याचे काम कापड करते. म्हणून भरडण्याच्या यंत्राच्या दोन रुळांतील फट नेहमीच्या १ मिमी.च्या आसपास न ठेवता ०.६ ते ०.८ मिमी.पर्यंत आणता येते किंवा धान्य दोनदा भरडता येते. एवढ्याने उतारा, म्हणजे धान्यातून हाती लागणारी साखर, स्पष्ट वाढतो. अगदी पीठ मात्र करू नये. ते कापडातून खाली येते आणि तळाशी लागते.

पिळण्याचा वाद : पिशवी पिळल्यास टरफलांतील टॅनिन उतरून बिअर तुरट होते, अशी जुनी समजूत आहे. टॅनिन उतरण्यास मुख्यतः ६ च्या वरचा पीएच आणि सुमारे ७७° से.च्या वरचे तापमान कारणीभूत असते, हाताचा दाब नव्हे. पीएच योग्य असेल, तर पिशवी निर्धास्त पिळावी, किलोमागे ०.३ ते ०.४ लिटर वॉर्ट जास्त हाती लागतो. पिळल्याने रस गढूळ होतो हे खरे आहे. त्या गढूळपणातील स्निग्ध द्रव्यांमुळे बिअर लवकर शिळी होते, असे काहींचे म्हणणे आहे. घरी केलेली बिअर सहसा काही महिन्यांतच संपते. तेवढ्या अवधीत हा परिणाम जाणवण्याजोगा ठरतो, असे दिसत नाही.

साहित्य व हिशेब : पिशवीसाठी पडद्याचे झिरझिरीत पॉलिएस्टर कापड सर्वांत उपयुक्त ठरले आहे. मलमल चालते, पण ती ओली झाल्यावर जड होते आणि उसवते. पिशवी पातेल्याच्या काठावरून बाहेर दुमडली जाईल एवढी मोठी हवी. आत भरडा मोकळा हलला पाहिजे. लहान पिशवीत कोंबलेल्या भरड्याच्या मध्यभागी पाणी पोचत नाही आणि कोरडे गोळे राहतात. आरंभीच्या अपयशाचे हे सर्वांत सामान्य कारण होय.

२० लिटर बिअरचे उदाहरण घेऊ. आरंभीचे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत वॉर्टची घनता) १.०४८ हवे असल्यास, १.००० च्या वरचा प्रत्येक हजारांश एक अंश धरून, दर लिटरला ४८ अंश, म्हणजे एकूण ९६० अंश हवेत. एक किलो फिकट माल्टमधून जास्तीत जास्त सुमारे ३०० अंश निघू शकतात; त्यांपैकी ७२ टक्के हाती लागले, तर २१६. यावरून सुमारे ४.५ किलो माल्ट लागते. पाण्याचा हिशेब उलट बाजूने करतात: २० लिटर बिअर, गाळात जाणारे दीड लिटर, तासाभराच्या उकळीत आटणारे साडेतीन लिटर, चोथ्यात राहणारे किलोमागे ०.६ प्रमाणे २.७ लिटर, आणि निवताना होणाऱ्या आकुंचनापोटी सुमारे ०.९ लिटर. बेरीज साडेअठ्ठावीस लिटरच्या घरात जाते. त्यात भरडा आणखी ३ लिटर जागा व्यापतो, म्हणून पातेले ३५ ते ४० लिटरचे घ्यावे. आटण्याचे प्रमाण पातेल्याच्या तोंडावर आणि आचेवर अवलंबून असते. ते पहिल्याच वेळी मोजून टिपून ठेवावे. दुसऱ्या वेळेपासून हिशेब आपला स्वतःचा होतो.

कृती : पाणी ६९° से.पर्यंत तापवून आच बंद करावी. २०° से.चा साडेचार किलो भरडा त्यात पडला की मिश्रण ६६° से.वर येते, पाणी एवढे जास्त असल्यामुळे घट तीन अंशांचीच होते. भरडा थोडाथोडा घालून गुठळ्या मोडाव्यात, पातेल्यावर झाकण ठेवून ते जाड कांबळ्यात गुंडाळावे आणि ६० मिनिटे तसेच ठेवावे. भरड जाड असेल तर ९० मिनिटे. तापमान ६४° से.कडे ठेवल्यास बिअर कोरडी आणि हलकी होते, ६८° से.कडे ठेवल्यास भरदार. मध्येच आच द्यायची झाल्यास पिशवी तळाला टेकता कामा नये; तळाशी जाळी ठेवावी, नाहीतर कापड वितळते. शेवटी ७६° से.पर्यंत तापवून पिशवी उचलल्यास रस पातळ होऊन चटकन निथळतो. ही पायरी ऐच्छिक आहे.

उचलण्याच्या क्षणी पिशवीत धान्याखेरीज कित्येक लिटर ऊन रस असतो. वर आकडा आणि कप्पी असावी, किंवा मदतीला दुसरे माणूस असावे, आणि पिशवी सावकाश वर घ्यावी. निथळण्यास दहा-पंधरा मिनिटे लागतात. तोवर खाली उकळीची तयारी चालू ठेवता येते.

त्यापुढचे काम इतर पद्धतींप्रमाणेच होते. वॉर्टला सणसणीत उकळी आणून ६० मिनिटे उकळतात. पहिल्या फेसाला तो उतू जातो, म्हणून जवळून हलू नये. पिल्सनर या अतिशय फिकट माल्टला ९० मिनिटांची उकळी देण्याचा प्रघात आहे, कारण त्यातून तयार होणारे व शिजवलेल्या मक्यासारखा वास देणारे डायमिथिल सल्फाइड वाफेबरोबर जावे लागते. १० टक्के अल्फा-आम्ले (कडवटपणा देणारी द्रव्ये) असलेले २५ ग्रॅम हॉप आरंभी घातल्यास मध्यम कडवटपणा येतो. सुवासाचे हॉप शेवटच्या मिनिटांत घालतात. वॉर्ट २०° से.च्या खाली आणून निर्जंतुक भांड्यात ओततात व यीस्ट घालतात. उकळीनंतर वॉर्टला लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी. एल जातीच्या यीस्टला १८ ते २०° से. मानवते, किण्वन बहुधा दोन आठवड्यांत पुरे होते. वरील उदाहरणात अंतिम गुरुत्व १.०११ आले, तर आकारमानाने सुमारे ४.९ टक्के अल्कोहॉल भरते. बाटल्यांत भरताना लिटरमागे ६ ते ७ ग्रॅम साखर घालतात. गुरुत्व काही दिवस स्थिर राहिल्याची खात्री केल्याशिवाय बाटल्या भरू नयेत, कारण अपुऱ्या किण्वनाच्या बाटल्या फुटतात आणि काच लांबवर उडते.

मर्यादा : पद्धतीचे बळ मध्यम तीव्रतेच्या बिअरमध्ये आहे. चोथ्यात अडकलेला रस धुतला जात नसल्यामुळे धान्य जितके जास्त, तितकी साखर जास्त वाया जाते, १.०८० गुरुत्वाच्या २० लिटरसाठी आठ-नऊ किलो माल्ट लागते आणि पिशवी एकट्याने उचलण्यापलीकडे जाते. अशा वेळी काहीजण दोन-तीन लिटर पाणी वेगळे राखून पिशवीवरून सोडतात. शुद्धतावादी त्याला बीआयएबी मानत नाहीत, परंतु उतारा वाढतो हे खरे. मॅशचा काही भाग वेगळा उकळून परत घालण्याची जर्मन रीत पिशवीत अवघड जाते.

घरगुती बिअरविषयीचे कायदे देशोदेशी भिन्न आहेत. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार एका प्रौढाच्या घराला वर्षाला १०० गॅलन, दोन वा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन अशी मर्यादा असून विक्रीस परवानगी नाही. राज्यांचे कायदे मात्र मागाहून बदलत गेले. मिसिसिपी व ॲलाबामा या राज्यांनी २०१३ मध्ये परवानगी दिली.

अलीकडची यंत्रे : कापडाच्या जागी पोलादी टोपली आणि आचेच्या जागी विजेचे नियंत्रित तापन असलेली एकपात्री यंत्रे नंतर बाजारात आली. जर्मनीतील ब्राउमायस्टर व न्यूझीलंडमधील ग्रेनफादर ही त्यांपैकी प्रसिद्ध होत. त्यांना पिशवीचे वारस म्हणण्याचा प्रघात आहे. टोपली उचलण्यापुरते ते बरोबर आहे. पण ग्रेनफादरसारख्या यंत्रांत पाणी दोन भागांत घेऊन टोपलीवर स्पार्ज करण्याचीच शिफारस असते, आणि त्यासाठी पाणी तापवायला दुसरे भांडे पुन्हा लागते.