जंगलातलं कमी विजेचं घर (कोकण-सह्याद्री)

झाडीत, शक्यतो मोठं झाड न पाडता बांधलेलं आणि गारवा, उजेड, कोरडेपणा यासाठी कमीत कमी वीज खाणारं घर. युरोपात याचा नावाजलेला नमुना म्हणजे पासिव्हहाउस, पहिलं १९९१ मध्ये जर्मनीत डार्मश्टाटला राहतं झालं. त्याचं सगळं तंत्र आतली ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही यावर, म्हणजे जाड इन्सुलेशन, तीन काचांच्या खिडक्या, फटी जवळपास शून्य आणि हवा मशीनने बदलायची. कोकणात हे जसंच्या तसं चालत नाही, इथे शत्रू थंडी नाही, ओल आहे, वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि तोही बहुतेक चार महिन्यांत, त्यात लाईट गेली की ते मशीन बंद आणि कपाटातल्या चपलांना बुरशी.

म्हणून इथे सुरुवात उंच जोतं, उतरतं छप्पर आणि भिंतीपासून चांगली तीन फूट बाहेर आलेली वळचण इथून. झड नैर्ऋत्येकडून येते, त्या अंगाला पडवी नाहीतर स्टोअररूम ठेवायची, व्ह्यूसाठी तिकडेच मोठी काच लावायचा मोह आवरलेला बरा. भिंतींना जांभ्याचा चिरा, जवळच्या खाणीतला असेल तर ट्रकचं डिझेल वाचतं आणि विटेसारखा भाजावाही लागत नाही. कौलांखाली माळा असला की धग वरच अडते, नुसता स्लॅब दिवसभर तापून रात्री ती खोलीत सोडतो आणि मग एसी येतो.

झाडांचं गणितही इथे उलटं आहे. थंड देशात दक्षिणेला पानझडी झाडं ठेवतात, हिवाळ्यात ऊन मिळावं म्हणून. आपल्याकडे साग, ऐन नेमके उन्हाळ्यात बोडके होतात, तेव्हा पश्चिमेला फणस किंवा आंबाच हवा.

सोलरची मात्र या सावलीशी भांडणं. साध्या जोडणीत एका पॅनलवर सावली पडली तरी अख्ख्या ओळीची वीज घसरते, म्हणून पॅनल छपरावर न लावता खळ्यात किंवा विहिरीपाशी, जिथे उघडं ऊन आहे तिथे स्टँडवर लावलेले बरे. पंखे बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटरचे घ्यावेत, साधारण ३० वॅटवर चालतात, जुने ७५ खातात.

उन्हाळ्याआधी घराभोवतीचं सुकं गवत काढावंच लागतं, वणव्यासाठी. आणि वानर. कौलं फोडतात म्हणून वैतागून लोक पत्रा घालतात, पत्रा तापतो, पावसात बोलू देत नाही, त्यावर तोडगा म्हणून आता पत्र्यावर रिपा मारून परत कौलंच चढवतात.