तोल मोजता येतो

‘मोरीत पाय घसरला.’ घरातल्या ज्येष्ठ माणसाचं पडणं बहुतेक वेळा एवढ्या तीन शब्दांत मिटतं. फरशी ओली होती, वय झालंय, चालायचंच. मला हे ‘चालायचंच’ मान्य नाही. पासष्टीपुढच्या दर तीन-चार माणसांतलं एक जण वर्षातून एकदा तरी पडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर वर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात. अपघाती मृत्यूंत रस्त्यावरच्या अपघातांखालोखाल याचाच क्रमांक लागतो. आणि यातला मोठा धोका आधी ओळखता येतो.

आपण उभे असतो तेव्हा मेंदूला सतत तीन ठिकाणांहून खबर जात असते: डोळे, आतला कान, आणि तळपाय-सांध्यांमधल्या नसा. एक कमी पडलं तर उरलेली दोन सावरून घेतात. मोतीबिंदू असला तरी पायांना जमीन कळते. मधुमेहानं तळपाय बधिर झाले तरी डोळ्यांना उंबरा दिसतो. पण दोन्ही असतील, आणि रात्री दिवा न लावता लघवीला उठावं लागलं, तर सावरायला फारसं काही उरत नाही. त्यात झोपेची गोळी घेतलेली असेल, किंवा उठताक्षणी रक्तदाब खाली येत असेल, तर ओल्या फरशीचीही गरज नसते.

हा धोका तपासायला मोठं यंत्र लागत नाही. कॅनडातल्या पॉडसियाडलो आणि रिचर्डसन या दोघींनी १९९१ साली मांडलेली एक चाचणी आज जगभर वापरतात. हाताच्या खुर्चीवर बसायचं. उठून नेहमीच्या चालीनं तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. पायात रोजच्या चपला, आणि काठी वापरत असतील तर हातात काठी. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या पद्धतीनुसार याला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. जाणकार फिजिओथेरपिस्ट मात्र घड्याळाइतकंच माणसाकडे बघतो. उठताना दोन झोके घ्यावे लागले का? वळताना छोटी छोटी पावलं पडली का? भिंतीकडे हात गेला का? घरी करून बघणार असाल तर कुणीतरी अगदी शेजारी उभं राहायला हवं. दुसरी चाचणी याहून सोपी आहे: एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून आधाराशिवाय १० सेकंद उभं राहता येतं का?

याच केंद्रानं डॉक्टरांना तीन प्रश्न विचारायला सांगितले आहेत. गेल्या वर्षभरात पडलात का? उभं राहताना किंवा चालताना डगमगल्यासारखं होतं का? पडण्याची भीती वाटते का? तिसरा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. भीतीनं माणूस घराबाहेर पडणं कमी करतो, त्यानं पाय आणखी दुबळे होतात आणि पडण्याचा धोका वाढतो. पहिल्या प्रश्नाला खरं उत्तर मिळणंही सोपं नसतं. ‘मुलांना कळलं तर देवळात जाणंही बंद करतील’ म्हणून आई-आजी पडल्याचं सांगतच नाहीत. ओरडा बसणार नाही अशा सुरात विचारा.

‘बाबा रोज सकाळी चालायला जातात’ हे आपलं ठरलेलं समाधान. चालणं उत्तमच, पण नुसत्या चालण्यानं पडणं कमी होतं याचा पुरावा कच्चा आहे. कोक्रेन ही वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणारी आंतरराष्ट्रीय संस्था. तिच्या २०१९ च्या आढाव्यात शंभरहून अधिक अभ्यास एकत्र तपासले. व्यायामानं पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटलेलं दिसलं, आणि त्यात खरं काम केलं ते तोलाच्या आणि रोजच्या हालचालींच्या व्यायामांनी. न्यूझीलंडमधला ओटॅगो कार्यक्रम याच धर्तीचा आहे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अभ्यासात ८० आणि त्यापुढच्या वयाच्या स्त्रियांना फिजिओथेरपिस्टनं घरी येऊन व्यायाम शिकवले होते. घोट्याला वजन बांधून पाय उचलणं, ओट्याला धरून टाचा वर करणं, खुर्चीतून शक्यतो हात न टेकता उठणं, हळूहळू आधार सोडणं. आठवड्यातून तीनदा, साधारण अर्धा तास. ऐंशीव्या वर्षीही स्नायू कमावता येतात!

पडणं टाळायला ‘ड’ जीवनसत्त्व घेण्याबद्दल मात्र सावध राहा. कमतरता असेल तर ती डॉक्टरांच्या सल्ल्यानं भरून काढावी. पण ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदा ५ लाख युनिटचा डोस दिला, तेव्हा त्यांचं पडणं आणि हाडं मोडणं दोन्ही वाढलं. हे २०१० साली प्रसिद्ध झालं.

डॉक्टरांकडे जाताना सगळी औषधं पिशवीत घालून न्या. झोपेच्या, ॲलर्जीच्या, रक्तदाबाच्या गोळ्या, आणि दुकानातून परस्पर आणलेल्याही. रक्तदाब आधी आडवं करून आणि मग उभं करून मोजायला सांगा. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला, तर चक्करेचं कारण बहुधा तिथेच सापडेल.

काठी-वॉकरसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. महाराष्ट्रात २०२४ पासून मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ६५ वर्षांवरच्या पात्र ज्येष्ठांना एकदाच ३,००० रुपये मिळतात. चौकशीसाठी १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. काठी मात्र मापाचीच हवी. चपला घालून ताठ उभं राहावं, हात सैल सोडावा. काठीची मूठ मनगटाच्या वळीपाशी आली पाहिजे. आणि एक गुडघा दुखत असेल तर काठी दुसऱ्या बाजूच्या हातात धरायची.