पियानोच्या पट्टीखालचे १० मिलिमीटर

पियानो शिकायचा म्हणून आता शिक्षक शोधत शहर पालथं घालावं लागत नाही. फोनवर 'सी मेजर स्केल' एवढं टाइप केलं की जगभरातले उत्तम वादक शिकवायला हजर असतात, तेही फुकट. कॅमेरा पट्ट्यांच्या बरोबर वर टांगलेला, कोणतं बोट कुठे ते आकड्यांत लिहिलेलं, हवं तिथे थांबवायची सोय, वेग पाव करायची सोय. लातूर किंवा सावंतवाडीत राहणाऱ्या मुलीला वीस वर्षांपूर्वी यातलं काहीच मिळालं नसतं. या व्हिडिओंचं मोल मला फार वाटतं. मात्र त्यांच्यावर भिस्त ठेवून मेहनत करणाऱ्यांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते: बोटं बरोबर पडतात, स्वर चुकत नाहीत, तरी व्हिडिओतल्यासारखं वाजत नाही आणि थोड्या वेळात हात भरून येतो. मेहनत कमी पडते म्हणून हे होतं असं मला वाटत नाही. कारण शोधायचं तर आधी पियानो उघडून आत बघायला हवं.

पियानोची पट्टी दाबली की साधारण १० मिलिमीटर खाली जाते. तिला हळूच खाली न्यायला ५० ग्रॅमच्या आसपास वजन पुरतं. पट्टीच्या मागे तरफांची साखळी असते आणि तिच्या शेवटी फेल्टने मढवलेली हातोडी. पट्टी १० मिलिमीटर उतरते तेवढ्यात हातोडी साडेचार सेंटिमीटरच्या वर अंतर कापते, म्हणजे बोटाच्या वेगाच्या जवळजवळ पाचपट वेगाने. खरी मेख शेवटच्या टप्प्यात आहे. तार दोन-तीन मिलिमीटरवर आली की यंत्रणा हातोडीचा हात सोडते. तिथून हातोडी आपल्या वेगाने उडते, तारेवर आदळते आणि मागे येते. ती तारेला टेकून राहिली असती तर नाद तिनेच दाबून टाकला असता. ही युक्ती फ्लॉरेन्समध्ये मेदिची घराण्याच्या पदरी असलेल्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास साधली. त्याने १७२० च्या दशकात केलेले तीन पियानो न्यूयॉर्क, रोम आणि लाइपझिगच्या संग्रहालयांत आजही आहेत. एकच पट्टी भराभर पुन्हा वाजवता यावी म्हणून लागणारी सुधारणा पियानो बनवणारे एरार्द यांनी १८२१ मध्ये केली. पण गाभा क्रिस्तोफोरीचाच.

वादकाच्या दृष्टीने याचा अर्थ फार मोठा आहे. हातोडी सुटली की त्या स्वराचा जोर ठरून गेला. त्यानंतर पट्टी कितीही रेटा, मनगट फिरवा, बोट थरथरवा, त्या आघातात काडीचाही फरक पडत नाही. स्वर किती वेळ टिकवायचा तेवढंच हातात उरतं. बोट पट्टीवर आपटल्याचा आणि पट्टी तळाला लागल्याचा बारीकसा ठोका असतो खरा, पण स्वराचा जोर ठरतो तो हातोडीच्या सुटतानाच्या वेगावर. म्हणजे पियानोच्या तंत्राचं मुख्य काम त्या १० मिलिमीटरमध्ये पट्टीला नेमका हवा तेवढा वेग देणं हे आहे. वेग दिल्यावर पट्टी दाबत राहणं हे नुसतं बळ वाया घालवणं. हात भरून येण्याचं एक कारण इथेच सापडतं.

आता हे व्हिडिओत दिसतं का ते पाहू. मोजमापं सांगतात की अगदी हळुवार स्वरासाठी बोट पट्टीला लागल्यापासून हातोडी तारेवर पोचायला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागू शकतो, म्हणजे २०० मिलिसेकंद. जोरकस स्वराला जेमतेम २५. नेहमीच्या व्हिडिओत सेकंदाला ३० चित्रं असतात, म्हणजे दोन चित्रांत ३३ मिलिसेकंदांचं अंतर. जोरकस स्वराची सगळी घडामोड दोन चित्रांच्या मधल्या फटीत उरकते. वेग पाव करून बघितला तरी तीच चित्रं जास्त वेळ दिसतात, मधलं हरवलेलं परत येत नाही. डोळ्यांना दिसतं ते एवढंच: बोट वर होतं, बोट खाली आहे. ज्या व्हिडिओंत वरून रंगीत ठोकळे पट्ट्यांवर उतरतात त्यांत तर बोटही नसतं. कोणती पट्टी आणि केव्हा, यापलीकडे ते काही सांगत नाहीत. तंत्र शिकायला ते निरुपयोगी आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे पियानोकडे वळणारे बरेच जण पेटीवरून येतात, आणि त्यांना ही गोष्ट जास्तच छळते. पेटीत आवाज लहानमोठा करायचं काम भात्यावरचा हात करतो. पट्टी जोरात दाबली काय नि हळू दाबली काय, स्वर तेवढाच. भाता चालू आहे तोवर तो भरलेलाही राहतो. पियानोचा स्वर उमटल्या क्षणापासून विरायला लागतो. म्हणून दोन स्वर जोडून गाता गळा ऐकू यावा असं वाजवायचं, तर दुसरा स्वर पहिल्याच्या विरत आलेल्या आवाजाला जुळेल इतक्याच वेगाने काढावा लागतो. ही जुळवाजुळव सर्वस्वी कानाची आहे. स्वस्त कीबोर्डवर ती शिकताही येत नाही. अनेकांच्या पट्ट्यांना वजन नसतं, काहींना बोटाचा वेग ओळखताच येत नाही. पैसे बेताचे असतील तर जास्त आवाज आणि ताल देणाऱ्या कीबोर्डपेक्षा वजनदार पट्ट्यांचा साधा डिजिटल पियानो घ्यावा.

यंत्राचं झालं, आता हाताचं. एक प्रयोग करा. तळवा टेबलावर टेका, मधलं बोट आत दुमडून त्याचं पेर टेबलाला लावा, बाकीची बोटं सरळ ठेवा. आता एकेक बोट उचला. अंगठा, तर्जनी, करंगळी उचलली जातात. अनामिका ढिम्म हलत नाही. बोटं उचलणारे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपर आणि मनगटाच्या मधे असतात आणि कंडरांच्या लांब दोऱ्यांनी बोटं ओढतात. तर्जनीला आणि करंगळीला स्वतःचा वेगळा स्नायू आहे, अनामिकेला नाही. शिवाय तिची कंडरा तळहाताच्या मागच्या बाजूला शेजारणींशी बारीक बंधांनी बांधलेली असते. मधलं बोट दुमडलं की तिची दोरी ढिली पडते. हा दुबळेपणा नाही, ही रचना आहे, आणि रियाजाने ती बदलत नाही.

तरी 'चौथं बोट (म्हणजे अनामिका) मजबूत करा' असं सांगणारे व्हिडिओ खंडीभर आहेत. एकोणिसाव्या शतकातही हेच वेड होतं. बोटं ताणायची, उचलायची यंत्रं विकली जात. तरुण रॉबर्ट शूमान याने असं एक उपकरण वापरलं होतं. १८३२ च्या सुमारास उजवा हात बिघडून त्याची वादकाची कारकीर्द संपली आणि तो पूर्णपणे संगीतरचनेकडे वळला. उपकरणाने घात केला की मुळातच चेतासंस्थेचा विकार होता, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. त्याच्याच वयाचा पियानोवादक आणि संगीतकार शोपॅन उलट दिशेने गेला. सगळी बोटं सारखी बळकट करायचा नाद निसर्गाविरुद्ध आहे, प्रत्येक बोटाचा आवाज वेगळा आहे तो तसाच वापरावा, असं त्याने आपल्या पियानो शिकवण्याच्या अपुऱ्या राहिलेल्या पद्धतीच्या टिपणांत मांडलं. विद्यार्थ्यांचा हात तो आधी ई, एफ शार्प, जी शार्प, ए शार्प, बी या पट्ट्यांवर ठेवायला लावी. लांब मधली बोटं काळ्या पट्ट्यांवर आणि आखूड अंगठा-करंगळी पांढऱ्यांवर बसतात. हात आपोआप सैल पडतो. नवशिक्याने पहिल्या दिवशीच हे करून बघावं. सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांचं सी मेजर दिसायला सोपं, पण हाताला ते अवघडच.

सी मेजर चढताना तिसऱ्या स्वरानंतर अंगठा मधल्या बोटाखालून चौथ्या स्वरावर न्यायचा असतो. व्हिडिओत शिक्षक हे सावकाश दाखवतो आणि अंगठा तळहाताखाली सरकताना छान दिसतो. शिकणारा तेच उचलतो: मनगट वळवतो, कोपर उडवतो, अंगठा खाली कोंबतो. जलद वाजवताना मात्र हालचालच निराळी असते. सबंध हात कोपरापासून बाजूला सरकत राहतो आणि अंगठा तेवढा खाली जातच नाही. बाल्टिमोरच्या पीबडी संस्थेत ओटो ऑर्टमान यांनी १९२० च्या दशकात वादकांच्या हालचाली यंत्रांनी नोंदवल्या, तेव्हाही वेग बदलला की हालचालीची घडण बदलते हे दिसलं होतं. म्हणून सावकाश दाखवलेल्या धड्याशेजारी त्याच शिक्षकाचं जलद वाजवणं बघावं, तेही समोरून किंवा बाजूने. वरच्या कॅमेऱ्याला मनगटाची उंची कळत नाही.

ताण मात्र कोणत्याच कॅमेऱ्याला दिसत नाही. बोट खाली नेणारे आणि वर उचलणारे स्नायू एकाच वेळी आवळले गेले तर बोट जागच्या जागी राहतं, चेहरा शांत असतो आणि आत रस्सीखेच चालू असते. जपानमध्ये शिनिची फुरुया आणि हिरोशी किनोशिता यांनी कसलेले वादक आणि नवशिके यांना अष्टकाचे स्वर (सा आणि वरचा सा एकदम) वाजवायला लावून मोजमाप केलं. कसलेल्यांनी खांद्यापासून हात सोडून गुरुत्वाकर्षणाला काम करू दिलं आणि ती गती कोपर, मनगट, बोट अशी पुढे सरकू दिली. नवशिक्यांनी तेवढ्याच आवाजासाठी कोपराचे आणि पुढचे स्नायू जास्त राबवले. दोन्ही हात पडद्यावर सारखेच दिसू शकतात. दुखत असताना रेटू नये हे म्हणूनच कळकळीने सांगावंसं वाटतं. अमेरिकेचे पियानोवादक लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं १९६४ च्या सुमारास आपोआप आत वळू लागली. हा फोकल डिस्टोनिया हा मेंदूशी निगडित विकार होता, साधा ताण नव्हता. पुढची तीसेक वर्षं ते मुख्यतः डाव्या हातासाठीच्या रचना वाजवत आणि शिकवत राहिले.

मग नुसतं बघून आपल्याला जमतंय असं इतकं का वाटतं? २०१८ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या मायकेल कार्डास आणि एड ओब्रायन यांनी हे तपासलं. भांड्यांखालून टेबलक्लॉथ झटक्यात ओढायचा व्हिडिओ २० वेळा बघणाऱ्यांना, एकदाच बघणाऱ्यांपेक्षा, आपल्याला हे जमेल अशी जास्त खात्री वाटली. डार्टसारख्या कामात प्रत्यक्ष खेळायला लावलं तेव्हा जास्त बघून कामगिरी काही सुधारली नव्हती. बाटलीच्या आकाराच्या पिना हवेत उडवून झेलायच्या खेळात मात्र बघितल्यावर त्या पिना नुसत्या क्षणभर हातात दिल्या, तरी फाजील आत्मविश्वास उतरला. वजन हाताला कळलं आणि मन जमिनीवर आलं.

म्हणून बघणं वाया जातं असंही नाही. मेंदूचे अभ्यासक अल्वारो पास्कुआल-लिओने यांच्या १९९५ च्या प्रयोगात पियानो न येणाऱ्या लोकांना पाच बोटांचा एक सराव पाच दिवस, रोज दोन तास दिला. दुसऱ्या गटाने तेवढाच वेळ तो फक्त मनातल्या मनात वाजवला. बोटं चालवणाऱ्या मेंदूच्या भागात दोन्ही गटांत सारखाच बदल दिसला. वाजवण्यात मनातला गट मागे होता, पण प्रत्यक्ष दोन तास मिळाल्यावर त्याने अंतर भरून काढलं. आणखी एक निष्कर्ष शिकणाऱ्याला फार उपयोगी आहे. २००५ मध्ये लंडनला बॅले नर्तकांना बॅले आणि कापोएरा (ब्राझीलचा लढाऊ नाच), दोन्हींचे व्हिडिओ दाखवले. मेंदूतल्या हालचालींशी संबंधित भागांनी स्वतःला येणाऱ्या नाचाला जास्त प्रतिसाद दिला. कापोएरावाल्यांचंही तसंच. जी हालचाल अंगात आहे ती डोळ्यांना जास्त कळते.

यावरून माझा आग्रह असा की व्हिडिओ बघत बसून मग वाजवायला जाऊ नये. आधी तुकडा स्वतः वाजवून अडखळावं, मग बघावं, पुन्हा वाजवावं. अडखळल्यानंतर त्याच व्हिडिओत मनगट कुठे उचललं गेलं, खांदा कधी सैल झाला हे अचानक नजरेत भरतं. सराव करताना एकच तुकडा शंभरदा घोटण्यापेक्षा तीन तुकडे आलटून पालटून घ्यावेत. शिया आणि मॉर्गन यांनी १९७९ मध्ये दाखवलं की असं मिसळून शिकताना चुका जास्त होतात, पण काही दिवसांनी तेच जास्त लक्षात राहतं. आणि झोप मारून रियाज करू नये. बोटांनी ठरावीक क्रम टाइप करायच्या २००२ च्या एका प्रयोगात, रात्रीच्या झोपेनंतर काहीही जादा सराव न करता वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढला होता. पुढे या आकड्यावर आणि त्यात झोपेचा हात किती यावरही वाद झाले.

स्वतःचं वाजवणं फोनवर घ्यावंच. लंडनच्या एबीआरएसएम या संगीत परीक्षा मंडळाच्या काही परीक्षा २०२० पासून व्हिडिओ पाठवूनच देता येतात, त्यामुळे मुंबई, पुणे, गोव्यातल्या मुलांना याची सवय लागली आहे. एक खबरदारी: बरेच फोन हळू आवाज आपोआप वाढवतात आणि मोठा दाबतात, त्यामुळे मेहनतीने काढलेला हळुवार-जोरकस फरक रेकॉर्डिंगमध्ये सपाट होतो. ॲपमध्ये ही सोय बंद करता येत असेल तर करावी, फोन पियानोपासून चार हात लांब ठेवावा.

आणि महिन्यातून एकदा तरी जाणत्या शिक्षकासमोर बसता आलं तर त्या वेळेत स्वर तपासून घेऊ नयेत, ते काम व्हिडिओ आणि नोटेशन करतात. शिक्षकाला आपला हात कोपराखालून उचलायला सांगावा आणि न सांगता सोडायला सांगावा. हात धपकन मांडीवर पडला तर ठीक. हवेतच तरंगत राहिला तर कुठला स्नायू तो धरून बसलाय ते शिक्षकाच्या बोटांना लगेच लागतं, आणि तिथे बोट ठेवल्यावर आपल्यालाही.