विंटेज रेसिंग गाड्यांचा अस्सल-नकली वाद

रिस्टोअर केलेली जुनी रेसिंग गाडी खरंच तीच आहे का, जी अमुक साली अमुक रेसमध्ये पळाली, की तिच्या नावावर नंतर कुणीतरी उभी केलेली दुसरीच, यावरून मालक, लिलाववाले, इतिहास शोधणारे आणि कधीकधी कोर्ट यांच्यात जे वाद होतात ते सगळे या नोंदीत येतात. वादात दोन प्रश्न असतात आणि लोक ते कायम एकत्र कालवतात. एक म्हणजे गाडीतलं लोखंड किती मूळचं, आणि दुसरा म्हणजे कारखान्यातून निघाल्यापासून आजपर्यंत ती कुणाकुणाकडे होती, मधे कुठे साखळी तुटली का. सोलापुरात सेकंडहँड गाडी घेताना आपण आरसी बुक बघतो, चेसिस नंबर जुळवतो, आरटीओच्या ट्रान्सफर फॉर्मवर त्याची पेन्सिलने छाप घेतात, झालं काम. रेसिंग गाडीत नेमकं इथंच माणूस फसतो, कारण तिथं नंबर जुळला म्हणजे गाडी जुळली असं नसतं.

याचं कारण रेसिंगच्या धंद्यातच आहे. रेस टीमला गाडी जपायची नव्हती, जिंकायची होती. ठोकली की चेसिस बदल, इंजिन फाटलं की दुसऱ्या गाडीचं चढव, पुढच्या सीझनला बॉडीच नवी. लोटस, लोलासारख्या कंपन्यांच्या पाईपच्या फ्रेमवाल्या रेसिंग गाड्यांत तर फ्रेम म्हणजे संपणारी वस्तू, नवी फ्रेम आणायची आणि जुन्या गाडीची चेसिस नंबरची प्लेट तिच्यावर ठोकायची. त्यात परत युरोपात बॉर्डर पार करताना कस्टमचे कागद एका ठराविक नंबरावर काढलेले असायचे, मग ज्या नंबराचे कागद हातात आहेत तोच नंबर दुसऱ्या गाडीला लावून मेकॅनिक मोकळे व्हायचे. त्यात फसवण्याचा हेतू नव्हता, रविवारच्या रेसला पोचायचं एवढंच होतं. पण ५०-६० वर्षांनी गाडीची किंमत कोटींत गेली की हीच प्लेट भांडणाचं मूळ होते. टाकून दिलेली वाकडी फ्रेम एकाला भंगारात सापडते, इंजिन आणि गिअरबॉक्स दुसऱ्याकडे असतात, दोघं आपापली गाडी पूर्ण करतात आणि एकाच नंबराच्या दोन गाड्या जगात फिरायला लागतात. दोघांकडेही थोडं थोडं खरं असतं, म्हणून तर हे मिटत नाही.

सगळ्यात गाजलेलं प्रकरण बेंटलीच्या 'ओल्ड नंबर वन'चं. ही स्पीड सिक्स गाडी १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं फ्रान्समधली ल मान्सची २४ तासांची रेस जिंकली, दोन्ही वेळा वुल्फ बार्नाटो चालवणाऱ्यांत होता. पुढे तिच्यात ८ लिटरचं इंजिन बसवलं, १९३२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या रेसमध्ये ती ट्रॅकच्या कडेवरून बाहेर गेली आणि क्लाइव्ह डनफी हा ड्रायव्हर मेला, त्यानंतर परत बांधून तिची बंद बॉडीची गाडी केली. १९९० मध्ये साधारण १ कोटी पौंडाला सौदा ठरला आणि मग घेणारी कंपनी म्हणाली ही ती गाडी नाहीच, आम्ही घेणार नाही. प्रकरण लंडनच्या हायकोर्टात गेलं. न्यायमूर्ती ऑटन यांनी अक्षरशः पार्ट पार्ट तपासला. १९२९ च्या गाडीतलं जवळपास काहीच उरलेलं नव्हतं, १९३० च्या गाडीतला पेडलचा शाफ्ट, गिअरबॉक्सचं केसिंग आणि स्टिअरिंग कॉलम एवढंच, १९३२ च्या गाडीचं मात्र बरंच होतं, चेसिस आणि इंजिन धरून. तरीही निकाल विकणाऱ्याच्या बाजूने लागला. कोर्टाचं म्हणणं असं की गाडी बदलत गेली पण कधी मोडून संपली नाही, तिची जागा घेणारी दुसरी कुठली गाडी समोर आली नाही, सलग इतिहास एकच आहे, म्हणून 'ओल्ड नंबर वन' हे नाव तिचंच. मला हा निकाल पटतो, कारण रेसच्या गाडीला लोखंडाच्या टक्क्यांत मोजायला बसलात तर जिंकलेली एकही गाडी अस्सल ठरणार नाही. पण त्यातली अट विसरायची नाही, साखळी सलग पाहिजे आणि काय काय बदललं ते उघड पाहिजे.

साखळी तुटली की काय होतं ते ऑटो युनियनच्या गाड्यांत दिसतं. दुसऱ्या महायुद्धानंतर या जर्मन रेसिंग गाड्या सोव्हिएत सैन्याने उचलून नेल्या, त्यातल्या बऱ्याच तिकडेच कापल्या गेल्या. पुढे काही सुटे भाग शोधून बाहेर आणले आणि त्यांवरून इंग्लंडमध्ये गाड्या परत उभ्या केल्या. अशी एक डी-टाइप २००७ मध्ये पॅरिसच्या लिलावात यायची होती, पण जो रेसचा इतिहास सांगितला होता तो याच चेसिसचा का अशी शंका निघाली आणि लिलाव थांबवावा लागला. गाडी खोटी असं कुणी म्हणत नव्हतं, प्रश्न होता ती नेमकी कुठली.

मालकीचा वाद परत वेगळा. फेरारी ३७५ प्लस ही १९५४ ची रेसिंग गाडी, तिचे भाग १९८० च्या दशकात अमेरिकेत ओहायोतून चोरीला गेले, गाडी युरोपात निघाली, २०१४ मध्ये इंग्लंडमध्ये १ कोटी ७ लाख पौंडाला विकली गेली आणि त्यानंतरही कोर्टकचेरी चालूच राहिली. म्हणजे गाडी शंभर टक्के खरी असूनही कागद खोटे निघू शकतात.

पैसा किती आहे हे कळायला एकच आकडा पुरे, १९६२ ची एक फेरारी २५० जीटीओ २०१८ मध्ये ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. अशा भावात नक्कल होणारच. सगळ्या नकला मात्र फसवणूक नसतात. अर्जेंटिनात बुगाटी टाइप ३५ सारख्या गाड्या हातानं बनवून नव्या म्हणूनच विकतात. जॅग्वारने तर स्वतःच १९६० च्या दशकात ठरवलेल्या १८ पैकी १२ च बनवलेल्या लाइटवेट ई-टाइपचे उरलेले ६ नंबर २०१४ पासून पूर्ण केले. कंपनी तीच, नंबर तेव्हाचेच, गाडी आजची. माझ्या मते त्यांना जुनी म्हणायचं नाही, आणि कंपनीही तसं म्हणत नाही.

तपासणी कशी करतात? कारखान्याच्या वह्या, रेसच्या वेळच्या स्क्रूटिनीचे म्हणजे गाडी-तपासणीचे कागद, आणि सगळ्यात कामाचे म्हणजे जुने फोटो. रिव्हेटची रांग, वेल्डिंगचा डाग, डॅशबोर्डला पाडलेलं जास्तीचं भोक, हे फोटोत दिसतं आणि नक्कल करणाऱ्याच्या नजरेतून बऱ्याचदा सुटतं. नंबर घासून नवा ठोकला असेल तर ॲसिड लावून जुना वर आणता येतो, कारण ठोकताना खालचं धातूही दबलेलं असतं. फेरारी स्वतःच्या गाड्या तपासून सर्टिफिकेट देते. एफआयए या मोटररेसिंगच्या जागतिक संघटनेचा जो हिस्टॉरिक पासपोर्ट असतो तो गाडी तांत्रिकदृष्ट्या त्या काळाच्या नियमात बसते एवढंच सांगतो, तो अस्सलपणाचा पुरावा नाही, तरी लोक तो दाखवून गाडी विकतात. सोलापूरकरांना हे सांगायची गरज पडू नये, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेल्या आपल्या चादरीचं लेबल बाहेरच्या मालावर लावून विकतात तेव्हा जाणकार लेबल न बघता विणकाम बघतो, तसंच.

भारतातली परिस्थिती. प्रीमिअर ऑटोमोबाइल्स १९४४ साली काढणारे वालचंद हिराचंद हे १८८२ मध्ये सोलापुरातच जन्मले, त्यांच्या कंपनीने बनवलेल्या फियाट ११०० पुढे मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर रेसला उतरायच्या, हलक्या केलेल्या, कापलेल्या, घरगुती बॉडी चढवलेल्या. अशा गाड्यांच्या कारखान्याच्या वह्या शोधून उपयोग नाही, कारण त्यांना रेसिंग गाडी कारखान्यानं केलंच नव्हतं, मिस्त्रीनं केलं. त्यात २०२१ च्या केंद्राच्या विंटेज नोंदणी नियमात गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल नको असं आहे. साध्या फियाटला, जावाला हा नियम बरोबर बसतो, 'व्हीए'चा नंबर मिळतो, १० वर्षांची नोंदणी होते. पण शोलावरमला पळालेल्या गाडीत तर ते बदल हाच तिचा इतिहास, नियम शब्दशः लावला तर पास व्हायला ते काढून टाकावे लागतील आणि काढले की ती रेसिंग गाडी उरत नाही. म्हणून अशी गाडी आपल्याकडे कुणाच्या वाड्यात, शेडमध्ये निघालीच तर डेंटिंग-पेंटिंगला लावायच्या आधी आहे तशी सगळ्या बाजूंनी फोटो काढावेत, रंगाचे थर एका कोपऱ्यात तसेच ठेवावेत, काढलेला एकही पार्ट भंगारात देऊ नये, आणि ज्या मिस्त्रीनं ती कापली, ज्यानं पळवली, ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत, त्यांचं सांगणं तारीख टाकून सहीनिशी लिहून घ्यावं.