धर्मग्रंथांचं स्वयंसेवी वाचन: बिनशर्त सोडलेल्या आवाजांची पार्श्वभूमी

2004 साली नव्या कराराचे (बायबलच्या दुसऱ्या, येशूविषयीच्या भागाचे) अभ्यासक असलेल्या एका अमेरिकन धर्मगुरूंनी इंटरनेटवर आवाहन केलं. कॉपीराइटच्या जाचाबद्दलचं एक पुस्तक नुकतंच आलं होतं आणि लेखकानं ते बिगर-व्यापारी वापरासाठी खुलं ठेवलं होतं. ज्याला जमेल त्यानं त्यातलं एखादं प्रकरण वाचून रेकॉर्ड करावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. थोड्याच दिवसांत निरनिराळ्या लोकांच्या आवाजांत ते पुस्तक ऐकायला मिळू लागलं. तीच रीत उचलून ऑगस्ट 2005 मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या एका लेखकानं प्रताधिकारमुक्त (ज्यांवर कॉपीराइट उरलेला नाही अशा) पुस्तकांचं स्वयंसेवी वाचन सुरू केलं. सुरुवात झाली ती 1907 सालच्या एका इंग्रजी कादंबरीपासून. धर्मग्रंथ पाठोपाठ आले आणि या पद्धतीत चपखल बसले. प्रोटेस्टंट बायबलमध्ये 66 पुस्तकं आणि 1,189 अध्याय आहेत. एक अध्याय वाचायला सरासरी चार-पाच मिनिटं लागतात. घरच्या माइकवर वाचणाऱ्या नवख्या माणसाला याहून सोयीची वाटणी मिळणार नाही. (वंशावळींचे अध्याय मात्र कोणी पटकन उचलत नाही.)

ऐकायचे धर्मग्रंथ त्याआधीही होते. अमेरिकेत 1931 च्या कायद्यानं अंध प्रौढांच्या पुस्तकांसाठी सरकारी पैसा मिळाला आणि 1934 मध्ये तबकड्यांवर निघालेल्या पहिल्या बोलत्या पुस्तकांत बायबलमधली स्तोत्रसंहिता आणि चार शुभवर्तमानं (येशूची चरित्रं) होती. पण तिथं वाचणारे व्यावसायिक होते आणि तबकड्या फक्त अंध वाचकांसाठी होत्या. पुढं ऑगस्ट 1989 मध्ये किंग जेम्स बायबलचा (1611 च्या इंग्रजी भाषांतराचा) मजकूर मोफत ई-पुस्तकांच्या सर्वांत जुन्या संग्रहात दहाव्या क्रमांकावर दाखल झाला. वाचण्यासारखा मजकूर आयता तयार होता. त्याला आवाज देणारी माणसं यायला आणखी सोळा वर्षं लागली.

ग्रंथ प्राचीन असला तरी भाषांतर प्राचीन नसतं, आणि हक्क भाषांतराला चिकटलेले असतात. त्यामुळं इंग्रजीत वाचणाऱ्यांच्या वाट्याला आली ती बहुतेक जुनी भाषांतरं: 1611 आणि 1901 ची बायबलं, 1734 आणि 1861 ची कुराणं, 1881 चं धम्मपद. गीतेची 1882 आणि 1885 ची भाषांतरं अशी मोकळी आहेत. त्यातलं पहिलं पुढं मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेल्या एका मराठी विद्वानाचं. मोकळं म्हणून घेतलेलं भाषांतर श्रद्धावंतांना रुचेल असंही नाही. 1861 च्या कुराणात भाषांतरकारानं सूरांचा (अध्यायांचा) परंपरागत क्रम मोडून त्या कालानुक्रमे लावल्या. त्यात अमेरिकेनं 1998 मध्ये प्रताधिकाराची मुदत 20 वर्षांनी वाढवली, आणि 1923 मध्ये छापलेली पुस्तकं 1 जानेवारी 2019 ला जाऊन मोकळी झाली. किंग जेम्स आवृत्ती इतरत्र मुक्त असली तरी ब्रिटनमध्ये ती छापण्याचा हक्क अजून राजसत्तेच्या सनदेखाली आहे.

या सगळ्यात खरा वाद झाला तो वाचनाच्या ध्वनिमुद्रणावरच्या हक्कावर. 2004 च्या प्रयोगात पुस्तकाबरोबर बिगर-व्यापारी अट होती. 2005 च्या उपक्रमानं ती टाकून दिली. आपण केलेलं ध्वनिमुद्रणही प्रताधिकारमुक्त म्हणून जाहीर करायचं. कोणीही घ्यावं, कापावं, विकावं, परवानगी मागू नये. त्यासाठीचं आज सर्रास वापरलं जाणारं प्रमाणित घोषणापत्र 2009 मध्ये आलं. त्याआधी साध्या शब्दांतल्या घोषणेवरच भागत होतं.

कादंबऱ्यांच्या बाबतीत आक्षेप पैशाचा होता: फुकट केलेलं वाचन दुसरा कोणी सीडीवर घालून विकतो. धर्मग्रंथांच्या बाबतीत तो अधिक खोल जातो. भक्तिभावानं वाचलेल्या स्तोत्राखाली कोणी संगीत घालेल, मध्येच स्वतःचं प्रवचन चिकटवेल, वाचणाऱ्याला मान्य नसलेल्या पंथाच्या प्रचारात तो आवाज वापरेल. उलटही खरं आहे. इथं वाचणाऱ्याला श्रद्धा विचारली जात नाही, त्यामुळं नास्तिकाच्या आवाजातलं शुभवर्तमान एखाद्या प्रार्थनासभेत लागू शकतं. ज्यांना ग्रंथाचं पावित्र्य महत्त्वाचं वाटतं त्यांना किमान "बदल करू नये" एवढी तरी अट हवी होती, आणि ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही.

तरीही बिनशर्त मुक्तीची बाजू जास्त भक्कम होती. व्यापार म्हणजे नेमकं काय, हे धर्माच्या क्षेत्रात ठरवणं महाकठीण. देणगी घेऊन वाटलेली सीडी विक्रीत धरायची का? शुल्क घेणाऱ्या पाठशाळेनं ती फाइल वापरली तर? अट घातली की तिचा अर्थ लावणारा आणि ती मोडणाऱ्यामागं धावणारा कोणीतरी लागतो, आणि सगळेच स्वयंसेवक असल्यावर ते कोण करणार? शिवाय ज्या मजकुराला कुंपण नाही, त्याच्या वाचनाला नवं कुंपण घालणं हे मूळ हेतूच्या विरुद्धच. तडजोड म्हणून एक गोष्ट उरली: प्रत्येक फाइलच्या आरंभी हे ध्वनिमुद्रण सर्वांसाठी मुक्त असल्याचं वाचणारा स्वतः सांगतो. विकणाऱ्यानं ते वाक्य कापलं नाही, तर विकत घेणाऱ्याला आपण फुकटच्या वस्तूला पैसे मोजले हे कळतं.

कायद्यानं मात्र ही मुक्ती सगळीकडं सारखी नाही. जर्मनीसारख्या देशांत कलाकाराचा नैतिक हक्क (आपल्या कृतीची मोडतोड रोखण्यासारखा) पूर्णपणे सोडताच येत नाही. तिथं ही घोषणा म्हणजे फार तर एक अतिशय सैल परवाना. नव्या बायबल भाषांतरांपैकी एकानं वेगळीच वाट काढली. 1901 च्या आवृत्तीवर आधारलेलं, 1994 पासून तयार होत गेलेलं हे इंग्रजी भाषांतर पूर्णपणे मुक्त आहे, पण त्याचं नाव व्यापारचिन्ह आहे. मजकूर हवा तसा बदला. बदललात तर ते नाव लावता येणार नाही. पावित्र्याची काळजी असणाऱ्यांना हवं ते बरंचसं यात मिळतं, आणि वाचणाऱ्यावर बंधनही पडत नाही.

2005 च्या निर्णयाचा सर्वांत मोठा परिणाम मात्र कोणी गृहीत धरला नव्हता. 2015 मध्ये संशोधकांनी या स्वयंसेवी वाचनांतून सुमारे 1,000 तासांचा इंग्रजी संच निवडला आणि बोलणं ओळखणाऱ्या यंत्रांच्या जगभरच्या चाचण्या त्यावर होऊ लागल्या. आवाज स्वच्छ, मजकूर समोर आणि हक्कांची कटकट नाही. बिगर-व्यापारी अट असती तर कंपन्या इतक्या निर्धास्तपणे त्याकडं वळल्या नसत्या. 2023 मध्ये त्याच जुन्या ई-पुस्तक संग्रहातली सुमारे 5,000 पुस्तकं कृत्रिम आवाजात निघाली. त्याच वर्षी 1,100 हून अधिक भाषांतल्या नव्या कराराच्या वाचनांवर बोलणं ओळखणारं आणि स्वतः बोलणारं एक संगणकीय मॉडेल तयार झालं. ती वाचनं या उपक्रमाबाहेरची होती.

मॉन्ट्रियलहून सुरू झालेला उपक्रम आजही फक्त माणसाचं वाचन घेतो आणि प्रत्येक फाइल दुसरा स्वयंसेवक ऐकून तपासतो. पण यंत्रानं या आवाजांवर शिकू नये असं सांगण्याची सोय 2005 च्या घोषणेत नाही, आणि जुन्या फाइलींना ती मागाहून लावताही येत नाही. ज्याला हे पटत नाही, त्याला पुढचा अध्याय न उचलण्याची मोकळीक तेवढी आहे.